राजगड, तोरणा आणि एक थाप

"बाबा, यात कांदे आहेत."

विमानतळावर बॅगेत काडतूस सापडावं, अशा आवाजात लेक म्हणाली. कांदे होतेच. दोन किलो. शिवाय दोन किलो बटाटे, तांदूळ, तूरडाळ, मिसळणाचा डबा, एक पातेलं, तीन सेलची बॅटरी, वेदनाशामक मलमाच्या दोन बाटल्या, सोलापुरी चादर आणि चाळीस फूट नायलॉनची दोरी. तिने माझी सॅक हुकाच्या काट्याला लटकवली. १७ किलो २०० ग्रॅम. तिची स्वतःची सॅक तंबू धरून ९ किलो होती.

"आम्ही एक्क्याण्णव साली असंच सामान नेलं होतं," मी म्हणालो.

"तेव्हा तू सव्वीस वर्षांचा होतास. आणि चौघांत वाटून घेतलं असशील."

दोन्ही मुद्दे बरोबर होते, म्हणून मी कांद्यांवर पाणी सोडलं. बटाटे गेले, पातेलं गेलं, चादर गेली. दोरी मात्र मी सोडेना. दोरी लागते. कशाला लागेल ते आधी सांगता येत नाही, पण लागते. ती हसली आणि तिने दोरी राहू दिली. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण या सबंध हकिकतीत मी बरोबर ठरलो अशी ही एकच जागा आहे.

आता ते एक्क्याण्णवचं प्रकरण. डिसेंबर १९९१ मध्ये बँकेतल्या तीन मित्रांबरोबर मी राजगड-तोरणा-रायगड हा रेंज ट्रेक केला, असं आमच्या घरात मानलं जातं. मानलं जातं, कारण मीच सांगत आलोय. पहिल्या वर्षी त्या हकिकतीत फक्त थंडी आणि पिठलं होतं. माझं लग्न ठरताना तीत धुकं आलं. मुलगी झाली तेव्हा धुक्यात बिबट्याचे डोळे चमकायला लागले. ती शाळेत जायला लागेपर्यंत आम्ही बोराट्याची नाळ अमावास्येच्या रात्री बॅटरीशिवाय उतरून मोकळे झालो होतो. दिवाणखान्यातल्या कपाटात गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' दर्शनी लावलेली असे. पाहुण्यांची नजर पुस्तकावर गेली की मी सुरू होई, आणि मी सुरू झालो की बायकोला स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास येई.

लेक दहा वर्षांची असताना तिने विचारलं, "मला नेशील?" मी म्हणालो, "मोठी झालीस की." मुलांना असं सांगण्यात एक धोका आहे. ती मोठी होतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने जेवताना जाहीर केलं, "डिसेंबरात चार दिवस सुट्टी टाकलीय. मी आणि तू. राजगड-तोरणा-रायगड. वाट तुला माहीत आहेच." मी म्हणालो, ट्रेक तर तीन दिवसांचा असतो. ती म्हणाली, "एक दिवस तुझ्यासाठी राखीव." बायकोने आमटी वाढता वाढता म्हटलं, "जा की. तुमचीच तर वाट आहे." त्या एका वाक्यात तीस वर्षांचा हिशेब चुकता झाला होता.

सराव म्हणून मी आठवडाभर रोज पर्वती चढलो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. उतरल्यावर भेळ आहे. बूट माळ्यावरून काढले. बारा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेले, अगदी कोरे करकरीत. लेक म्हणाली, नवे घेऊ. मी म्हणालो, याला काय झालंय? याला काय झालंय ते तोरण्यानंतर कळणार होतं.

गुंजवण्यात एका घरी मुक्काम करून पहाटे आम्ही राजगडाला लागलो. चोरदरवाज्याची वाट उभ्या चढाची. पहिल्या अर्ध्या तासात मला कळलं, की दर पन्नास पावलांवर मला एखादा पक्षी ऐकू येतोय. मी थांबायचो, बोट वर करायचो, डोळे मिटायचो. लेक विचारायची, "कुठला?" मी म्हणायचो, "गेला." असे अकरा पक्षी गेले. बाराव्याला तिने काही न बोलता माझ्या सॅकमधली पाण्याची बाटली काढून आपल्या सॅकमध्ये टाकली, आणि पक्ष्यांची संख्या निम्म्यावर आली.

वर ताक विकणाऱ्या एका बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि पहिला पेला भरत म्हणाल्या, "ताई, आधी आजोबांना द्या." मला वाटलं मागून कोणी म्हातारे येताहेत. वळून पाहिलं. मागे दरी होती.

पद्मावती माचीवर तळ्याकाठी बसून मी लेकीला राजगडाचा इतिहास सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि त्यातल्या दोन सनावळ्या दुरुस्त केल्या. मग संजीवनी माची. ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी, चिलखती तटबंदीची. माणसाने दगडाचं असं काम केलेलं पाहिलं की कुणीही गप्प होतं. मीही झालो, पण त्यात श्वासाचा भाग जास्त होता.

अळू दरवाज्यातून बाहेर पडून तोरण्याकडे जाणाऱ्या सोंडेवर आलो, आणि माझ्यातला वाटाड्या जागा झाला. एके ठिकाणी वाट फुटली होती. उजवीकडची बारीक, गवतात हरवलेली. डावीकडची रुंद, छान मळलेली. "इथून डावीकडे," मी म्हणालो. "मला ते वळण आठवतंय." लेक एक क्षण फोनकडे बघून म्हणाली, "बरं."

सह्याद्रीत ढोरवाट नावाचा एक प्रकार असतो. ती गुरांच्या खुरांनी मळते, म्हणून माणसांच्या वाटेपेक्षा देखणी दिसते. पण गुरांना रायगडाला जायचं नसतं. त्यांना सावली हवी असते आणि पाणी हवं असतं, ते मिळालं की वाट संपते. आमची वाट वाळलेल्या कारवीत तासभर खाली उतरली आणि चिखलाच्या एका डबक्यापाशी थांबली. डबक्यात तीन म्हशी होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. बँकेची वेळ संपल्यावर आलेल्या ग्राहकाकडे मी तीस वर्षं ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी लगेच ओळखली.

"तुला माहीत होतं वाट चुकतेय?" मी विचारलं.

"पहिल्या पावलापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास तुला वळण आठवतंय."

परत वर चढायला दीड तास गेला. अंधार पडायच्या आत तोरणा गाठणं शक्य नव्हतं. अलीकडच्या एका घराच्या अंगणात, घरधन्यांना विचारून तंबू लावला. काकूंनी चुलीवरची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. माझी भाजणी, मेतकूट आणि दीड किलो चिवडा सॅकमधून बाहेरही आला नाही. तो मी चार दिवस दोन जिल्ह्यांतून नुसता फिरवून आणला. दोन माणसांचा तंबू हा दोन अशा माणसांचा असतो, की ज्यांतला एकही घोरत नाही, हे मला त्या रात्री कळलं नाही, कारण मी झोपलो होतो. सकाळी घरधनी मामा काळजीने विचारत आले, "रातच्याला तंबूपाशी काय जनावर आलं हुतं का?"

"नाही मामा," लेक म्हणाली. "ते आतच होतं."

दुसऱ्या दिवशी तोरणा. १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. महाराजांनी त्याला प्रचंडगड नाव दिलं ते उगाच नव्हे. राजगडाकडून येणारी वाट बुधला माचीवर चढते. शेवटी घसाऱ्याचा आणि कातळाचा असा टप्पा आहे, की तिथे हात, पाय, गुडघे आणि कुलदैवत यांचा एकदम वापर करावा लागतो. कोकण दरवाजातून आत शिरून मेंगाई देवीच्या देवळापाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी पायरीवर आडवा झालो. लेकीने पाणी दिलं आणि सहज विचारलं, "एक्क्याण्णवला तुम्ही इथून खाली कुठून उतरलात?"

"बिनी दरवाजातून," मी ऐटीत म्हणालो. ऐटीत, कारण हे मला खरंच आठवत होतं. तो दरवाजा, त्याखालची घसरडी वाट, मग लांबलचक उतार, मग गाव, गावात गरम भजी, आणि मग...

मग स्वारगेट अशी पाटी लावलेली लाल एसटी.

"बिनी दरवाजाची वाट वेल्ह्याला उतरते, बाबा," लेक हळूच म्हणाली. मग तिने पश्चिमेकडे हात केला. दूर, दऱ्यांच्या पलीकडे, लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागे रायगडाचा सपाट माथा दिसत होता. "रायगड तिकडे आहे."

मी खोटं बोलत होतो म्हणावं, तर तसंही नाही. बत्तीस वर्षं इतक्या वेळा रायगडावर पोहोचलो होतो, की न पोहोचल्याचं पार विसरून गेलो होतो. आता मात्र सगळं लख्ख आठवलं. तोरण्यावर मुक्काम केला त्या रात्री आमच्या चौघांतल्या एकाचं पोट बिघडलं. रात्रभर तो टमरेल घेऊन अंधारात ये-जा करत होता. सकाळी सर्वानुमते ट्रेक सोडून वेल्ह्याला उतरायचं ठरलं. एकाच्या पोटापायी बाकी तिघांचा रायगड हुकला. तो एक मीच होतो. अंधारातून बॅटरीशिवाय केलेला प्रवास तेवढा खरा होता. तो बोराट्याच्या नाळेत नव्हता, एवढंच.

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "तुझ्या पन्नाशीच्या जेवणात तुझ्या मित्राने सांगितलं. टमरेलासकट."

"आठ वर्षं? मग काही बोलली का नाहीस?"

ती थोडं थांबली. "मला तो बिबट्या आवडायचा."

यावर काय बोलायचं मला सुचेना. पक्षी ऐकू येतो का पाहिलं. नेमका एकही ओरडेना. मग तिनेच विचारलं, "वेल्ह्याला उतरायचं असेल तर आत्ता निघून एसटी मिळेल." यात टोमणा असता तर मी उतरलो असतो. पण टोमणा नव्हता. मी सॅक पाठीला लावली आणि परत बुधला माचीकडे वळलो. हा निर्णय मी ज्या बाणेदारपणे घेतला, तो बाणा पुढे वीस मिनिटं टिकला.

विसाव्या मिनिटाला माझ्या डाव्या बुटाने जबडा उघडला. वरचा भाग पायात राहिला आणि तळ मगरीसारखा आ वासून पुढे चालू लागला. पाच मिनिटांनी उजव्याने त्याला अनुमोदन दिलं. बुटांच्या तळात पॉलियुरेथेन असेल, तर तो वापरून झिजतो त्याहून जास्त न वापरता झिजतो. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो आणि वरून कोरे दिसणारे बूट चालायला लागलं की भुगा होतात. लेकीने हे शास्त्र मला कड्याच्या काठावर उभं करून समजावलं. माळ्यावर बारा वर्षं जपून ठेवलेल्या वस्तूचं असं होतं, हे ऐकताना मला फक्त बुटांबद्दल वाटत नव्हतं.

आणि मग मी सॅकमध्ये हात घातला आणि दोरी बाहेर काढली.

ते मौन मी कधीही विसरणार नाही. लेकीने चाकू दिला. मी दोरीचे तुकडे केले आणि नोटांची बंडलं बांधावीत तसे दोन्ही बूट उभे-आडवे बांधले. तीस वर्षांचा कॅशचा अनुभव अखेर कामी आला. दोन पार्सलं पायांत घालून मी भट्टी आणि हारपूड या गावांच्या वाटेला लागलो. दर अर्ध्या तासाला दोरी घासून तुटे, नवा तुकडा कापावा लागे. चाळीस फुटांतली शेवटची दोन फूट हारपूडच्या वेशीवर संपली. हिशेब इतका चोख माझ्या नोकरीतही कधी लागला नव्हता.

हारपुडात ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी शेतात चिखलणीला घालायचे प्लास्टिकचे काळे बूट दिले. माझा नंबर आठ, बूट दहा नंबरचे. पुढे मोजे कोंबले. तिसऱ्या दिवशी त्याच बुटांत डुगडुगत मोहरीला पोहोचलो. संध्याकाळी रायलिंगच्या पठाराच्या टोकावर गेलो. समोर हात लांबवला तर लागेल असा लिंगाणा, त्याच्या पलीकडे रायगड, आणि मधे बोराट्याची नाळ: कड्यातून कोकणात कोसळणारी, धोंड्यांनी भरलेली घळ. मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. अमावास्येच्या रात्री, बॅटरीशिवाय! ज्या माणसाने ही गोष्ट रचली त्याला आधी एकदा इथे आणून उभं करायला हवं होतं.

"आपण सिंगापूरच्या नाळेने जाऊ," लेक म्हणाली. "ती त्यातल्या त्यात सोपी. गावकरी वापरतात."

"जशी तुझी इच्छा," मी म्हणालो, आणि चेहऱ्यावर थोडी निराशा आणायचा प्रयत्न केला.

गावकरी ती वाट वापरतात हे खरं. पण गावकरी गुडघेही आपले स्वतःचे वापरतात. माझे दोन्ही तिसऱ्या दिवसापासून संपावर होते. चौथ्या दिवशी सकाळी मी उतरायचा एक स्वतंत्र मार्ग शोधला: खाली बसायचं, दोन्ही हात मागे टेकायचे आणि देवाचं नाव घेऊन घसरायचं. निम्मी नाळ मी अशी बैठकीत पार पाडली. खालून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा करडू खांद्यावर टाकून चढत आला. थांबून त्याने माझं निरीक्षण केलं. "काका, असं बसून उतरलं की पँट जाती. अवघड जागी तोंड डोंगराकडं करायचं." सल्ला अचूक होता. पँट दहा मिनिटांपूर्वी गेली होती. उरलेली नाळ मी कमरेला लेकीचा पावसाळी कोट बांधून उतरलो. पण एक सांगतो, त्या पोराने मला 'काका' म्हटलं, 'आजोबा' नाही.

नाळेखालचं गाव दापोली; ती प्रसिद्ध दापोली नव्हे, ही लिंगाण्याच्या सावलीतली. तिथून वारंगी, मग काळ नदीचं खोरं, आणि दुपार कलताना समोर रायगड. पायऱ्या दीडेक हजार. मी मनात भागाकार केला: साडेचौदा पर्वत्या, आणि मधे एकही भेळ नाही. पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला. डाव्याला यायला सांगितलं. तो आला नाही.

"बाबा," लेक म्हणाली, "रोपवे आहे."

रोपवेचं खालचं स्थानक हिरकणीवाडीत आहे. हिरकणीची आख्यायिका आपल्याकडे पोरासोरांना पाठ असते. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती माउली अंधारात कडा उतरून गेली. आईबापाने लेकरासाठी काय करावं याचा तो दाखला. आणि त्याच हिरकणीच्या वाडीत अठ्ठावन्न वर्षांच्या बापाला त्याच्या लेकीने हाताला धरून पाळण्यात बसवलं. रोपवेच्या डब्याला तिथे सगळे पाळणाच म्हणतात. पाळणा हलला तशी ती म्हणाली, "खाली बघू नकोस." हेच वाक्य मी तिला सारसबागेतल्या घसरगुंडीवर म्हणायचो.

चार-पाच मिनिटांत वर पोहोचलो. राजसदरेसमोर उभे राहिलो, जगदीश्वराला गेलो, समाधीवर माथा टेकला. तोरणा घेतला तो १६४६ च्या सुमारास आणि राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. म्हणजे महाराजांना तोरण्यापासून इथवर अठ्ठावीस वर्षं लागली आणि तेवढ्यात त्यांनी राज्य उभं केलं. मला तोरण्यापासून इथवर बत्तीस वर्षं लागली आणि तेवढ्यात मी एक बिबट्या उभा केला. तुलना करत नाही, वजाबाकी करतोय.

आता नोंद दुरुस्त करतो, कारण लेकीने हा लेख छापायला जाण्याआधी वाचायची अट घातली आहे. डिसेंबर १९९१: राजगड, तोरणा, आणि वेल्हे-स्वारगेट एसटी. बिबट्या नव्हता. डिसेंबर २०२३: राजगड, तोरणा, सिंगापूर नाळेने रायगड, तीन दिवसांचा ट्रेक चार दिवसांत; त्यातला दीड तास म्हशींकडून परत यायला, अर्धी नाळ बसून आणि गड पाळण्यातून. रायगडाच्या पायऱ्या बाकी आहेत. त्या पुढच्या डिसेंबरात. बूट नवे घेतले आहेत, रोज घालतो. सॅकचं वजन ८ किलो ४०० ग्रॅम, दोरी धरून.